खाजनातलं मीठ, फुगलेला व्हीआयएफ आणि माझा उलटा सहगुणक

कोरगूट, रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

प्रबंधासाठी तिसवाडीतल्या खाजन शेतांचा विदा (डेटा) गोळा केलाय. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून राखलेली खाडीकाठची जमीन. बांधात मानस असते, म्हणजे झडपांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपसूक मिटतं आणि खारं पाणी बाहेर अडतं. आगशी, नेवरा, मंडूर, चोडण मिळून ५२ कुणगे (शेताचे तुकडे) मोजले. त्यातले ६ बाद केले, कारण ऑगस्टमध्ये बांध फुटून त्यांत पाणी शिरलं होतं आणि 'बिघडलेली शेतं घेऊ नकोस' असं मार्गदर्शकांनी सांगितलं. राहिले ४६.

प्रश्न साधा आहे. मीठ वाढलं की भात किती घटतं?

रिग्रेशनच्या समीकरणात उत्पादन डावीकडे. उजवीकडे ईसी (पाण्याची विद्युतवाहकता), टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, मानशीपासूनचं अंतर, कुणग्याची उंची, खत, आणि भाताची जात: कोरगूट की ज्योती. आर या संगणक-प्रणालीत मॉडेल बसवलं. आर-वर्ग (उत्पादनातल्या फरकाचा किती भाग मॉडेल सांगतं) ०.७१, एफ चाचणी झकास पास. आणि एकेका चलाकडे बघावं तर खत सोडून एकाचीही पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली नाही! सगळे मिळून कामाचे आणि एकेकटे बिनकामाचे, हे कसं?

त्याहून वाईट म्हणजे ईसीचा सहगुणक (समीकरणात त्या चलाला गुणणारा आकडा) भला मोठा ऋण आणि टीडीएसचा भला मोठा धन. म्हणजे विरघळलेले क्षार वाढले की भात जास्त पिकतं. आजीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग मिठागरातच पेर की!" सहज म्हणून तीन कुणगे काढून पुन्हा चालवलं, तर दोघांची चिन्हं चक्क अदलाबदल झाली.

मार्गदर्शक म्हणतात, पी-व्हॅल्यू मोठी असलेले सगळे चल काढून टाक आणि लिहायला घे. तसं केलं तर मिठावरच्या प्रबंधातून मीठच गायब होतंय.

शंकेखोर, रविवार, रात्री १०.०५

मल्टिकोलिनिअॅरिटी, म्हणजे चलांचा आपसांतला गुंता. व्हीआयएफ (त्या गुंत्याने आलेल्या फुगवट्याचं माप) काढ, १० च्या वरचे उडव, झोप. एवढ्यासाठी धागा?

कोरगूट, रविवार, रात्री १०.३०

काढला. ईसी १९८०, टीडीएस १९७५, क्लोराइड ११, जात ५.३, अंतर ४.१, उंची ३.२, खत १.२.

१९८० हा आकडा छापायची चूक नाही. मी तीनदा बघितला.

पर्वरीचा_भाडेकरू, रविवार, रात्री १०.३४

एकोणीसशे ऐंशी! साल आहे का ते? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_मास्तर, सोमवार, सकाळी ६.५०

सुनबाईने चहा दिला आणि हा धागा उघडला. तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण इतका देखणा व्हीआयएफ क्वचित पाहिला. शंकेखोर, 'उडव आणि झोप' ही घाई जरा बाजूला ठेव. पोरीला आधी कळू दे तरी की झालंय काय.

चवथीच्या आरतीला आमच्या वाड्यावर घुमटं (मातीची तालवाद्यं) वाजतात. समज, दोन वाजवणारे आहेत आणि दोघे कायम एकाच वेळी, एकाच ठेक्यावर हात टाकतात. तू बाहेर पडवीत बसून ऐकतेस. एकूण आवाज किती, हे तू बिनचूक सांगशील. पण त्यातला थोरल्याचा किती आणि धाकट्याचा किती? थोरल्याचा सगळा आणि धाकट्याचा शून्य म्हटलं तरी बेरीज जुळते, निम्मा-निम्मा म्हटलं तरी जुळते. एवढंच काय, थोरल्याचा हजार आणि धाकट्याचा उणे नऊशे म्हटलं तरी जुळते. गणिताला त्यातलं कुठलंही उत्तर खपतं. तुझा आर-वर्ग हा एकूण आवाज आहे, म्हणून तो शाबूत. सहगुणक ही वाटणी आहे, म्हणून ती तीन कुणगे काढले तरी पालथी पडते.

रिग्रेशनमधला सहगुणक विचारतो काय? 'बाकीचे सगळे चल जागच्या जागी ठेवून हा एकच हलवला तर उत्पादन किती हलेल?' तुझ्या विद्यात ईसी जागेवर ठेवून टीडीएस एकटा हललेला आहे का कधी? नसेल, तर प्रश्नाचं उत्तर विद्यात नाहीच. गणित तरीही उत्तर देतं, कारण नाही म्हणणं त्याला जमत नाही.

आता व्हीआयएफ. ईसी हा कॉलम घ्यायचा आणि बाकीच्या चलांवरून त्याचाच अंदाज बांधायचा. त्या रिग्रेशनचा जो आर-वर्ग येईल तो १ मधून वजा करायचा आणि १ ला त्या उरलेल्याने भागायचं. आर-वर्ग ०.७५ असेल तर व्हीआयएफ ४, ०.८ असेल तर ५, ०.९ असेल तर १०. तुझ्या १९८० चा अर्थ असा की ईसीचा ९९.९५ टक्के भाग बाकीचे कॉलम आधीच सांगून बसलेत. व्हीआयएफचं वर्गमूळ काढलंस की प्रमाण त्रुटी किती पट फुगली ते कळतं. तुझी ४४ पट. अशा फुगवट्यात खरा परिणाम असला तरी पी-व्हॅल्यूला तो दिसायचा नाही.

मल्टिकोलिनिअॅरिटी हा शब्द नवा वाटत असला तरी दुखणं जुनं. नॉर्वेचे राग्नर फ्रिश यांनी १९३४ मध्ये याला हे नाव दिलं. पुढे १९६९ मध्ये अर्थशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना टिनबर्गेन यांच्यासोबत मिळालं. किमती, पगार, उत्पादन, सगळं एकत्रच वर जातं. मग कशामुळे काय झालं ते सांगणार कसं, ही त्यांची डोकेदुखी. तुझी तीच, फक्त खाऱ्या पाण्यातली.

कोरगूट, सोमवार, सकाळी ८.१५

मास्तर, दंडवत. घुमटाचं उदाहरण प्रबंधात वापरू का? (तुम्ही खरोखरच कुणाचे मास्तर असाल तर 'सर' म्हणेन.)

जुना_मास्तर, सोमवार, सकाळी ८.२०

वापर. सर नको, निवृत्त झालो.

तिरफळ, सोमवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. मास्तरांनी सगळं सांगितलं, पण १९८० मला पचत नाहीये. शेतातल्या दोन खऱ्याखुऱ्या मोजमापांत इतकं साटंलोटं नसतं. एकाच बाटलीतलं पाणी दोनदा मोजलं तरी आकडे थोडे हलतात.

कोरगूट, एक कर. टीडीएसला ईसीने भाग आणि नवा कॉलम बघ. आणि खरं सांग, टीडीएस मोजलास कसा? पाणी आटवून उरलेले क्षार वजन केलेस की खिशातल्या मीटरवर बटण दाबलंस?

कोरगूट, सोमवार, दुपारी ३.४५

अरे देवा.

ईसी ४.७ तिथे टीडीएस ३.०. ६.२ तिथे ४.०. २.५ तिथे १.६. भागाकार सगळीकडे ०.६४ च्या आसपास. मीटर एकच. एक बटण दाबलं की ईसी, दुसरं दाबलं की टीडीएस. उन्हात उभी राहून दोन्ही आकडे ५२ वेळा वहीत उतरवलेत मी!

तिरफळ, सोमवार, दुपारी ४.२०

वाटलंच होतं. ते मीटर टीडीएस मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि एका ठरलेल्या आकड्याने गुणून पडद्यावर टीडीएस दाखवतं. काही मीटर ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने, तुझं ०.६४ ने. म्हणजे तुझ्याकडे दोन चल नाहीत, एकच चल दोन वेशांत आहे.

आता गंमत बघ. गुणाकार नेमका असता तर आरने एका सहगुणकासमोर थेट 'एनए' लिहिलं असतं आणि तुला तिथल्या तिथे कळलं असतं. एक्सेल अशा वेळी त्या सहगुणकाला गुपचूप शून्य देतं. पण तुझं मीटर टीडीएस एकाच दशांशापर्यंत दाखवतं. ४.७ ला ०.६४ ने गुणलं तर ३.००८, पडद्यावर ३.०. त्या ०.००८ पुरते दोन कॉलम वेगळे राहिले आणि मॉडेलला तेवढं पुरलं. ईसी स्थिर ठेवून टीडीएस बदलला तर भात किती बदलतं, असं तू विचारलंस. त्या प्रश्नात बदलत होती फक्त मीटरची पूर्णांकनाची चूक. म्हणजे इतके दिवस तू भाताचं उत्पादन आणि पूर्णांकनाची चूक यांचं नातं शोधत होतीस.

टीडीएस उडव. हा निर्णय आकडेशास्त्राचा नाहीच, वही तपासण्याचा आहे.

शंकेखोर, सोमवार, दुपारी ४.३१

मीही उडवच म्हणालो होतो. नोंद व्हावी.

तिरफळ, सोमवार, दुपारी ४.३३

तू दोन्ही उडवत होतास. दोघांचा व्हीआयएफ १० च्या वर होता.

जुना_मास्तर, सोमवार, संध्याकाळी ७.००

तिरफळाला माझ्याकडून एक बाटली उर्राक (काजूची दारू). ऋतू आला की.

या जातीचे सापळे पुष्कळ. मातीचा कस बघणारे विद्यार्थी वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे टक्के तिन्ही कॉलमांत भरतात. तिघांची बेरीज १०० च येणार, म्हणजे दोन कळले की तिसरा कळलाच. इथे मजा अशी की जोडीजोडीने सहसंबंध काढलात तर एकही फार मोठा दिसेलच असं नाही, आणि तरीही गुंता पक्का. म्हणून निव्वळ सहसंबंधांचा तक्ता बघून 'आपल्याकडे काही नाही बुवा' म्हणू नये. खेर, मोरड आणि खाजन अशा तिन्ही जमिनींसाठी तीन शून्य-एकचे कॉलम केलेत आणि वर स्थिरांकही ठेवलात तरी तेच होतं. एक प्रकार पाया म्हणून बाहेर ठेवावा लागतो.

कोरगूट, सोमवार, रात्री ९.१५

टीडीएस काढला. ईसीचं चिन्ह ऋणच राहिलं, आजी खूश. पण ईसीचा व्हीआयएफ अजून १२ आहे आणि क्लोराइडचा ११. क्लोराइड मात्र मी प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट घालून टायट्रेशनने काढलाय, मीटरचा नाही. चार शनिवार गेलेत त्यात. तोही उडवू?

अजून एक. मानशीपासूनच्या अंतराचा परिणाम सरळ रेषेत नसावा म्हणून अंतराचा वर्ग घालून बघितला, तर त्या दोघांचेही व्हीआयएफ आभाळाला टेकले.

तिरफळ, सोमवार, रात्री १०.००

दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. १ ते १० आकडे घे आणि त्यांचे वर्ग घे. सहसंबंध ०.९७. आता प्रत्येकातून सरासरी ५.५ वजा करून मग वर्ग कर, सहसंबंध शून्य. अंतरातून सरासरी वजा करून मग वर्ग घाल, फुगवटा बसेल. मॉडेलचे अंदाज मात्र होते तेच राहतील. हा गुंता शेतातला नव्हता, आपणच आकडेमोडीत घातला होता.

क्लोराइडचं उत्तर असं एका ओळीत नाही. तुला करायचंय काय? पुढच्या वर्षी कुठल्या कुणग्यात किती भात होईल एवढाच अंदाज हवा असेल तर दोन्ही राहू देत. ईसी आणि क्लोराइड जोडीनेच चालत राहतील तोवर अंदाज बिघडत नाही, वाटणी कितीही वेडीवाकडी असली तरी. पण त्यांची जोडी जिथे सुटते अशा गावी तेच मॉडेल नेलंस तर तोंडघशी पडशील.

'मिठामुळे किती घट' हे सांगायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पर्वरीचा_भाडेकरू, सोमवार, रात्री १०.१२

मधेच विचारतो, माफ करा. मी पर्वरीतल्या फ्लॅटांच्या भाड्याचा अंदाज बांधतोय. चटईक्षेत्र, बेडरूम, बाथरूम, सगळे एकत्रच वाढतात. बाथरूमचा सहगुणक ऋण येतोय. घाबरू?

तिरफळ, सोमवार, रात्री १०.१५

भाडंच सांगायचंय ना? नको घाबरू. फक्त 'एक बाथरूम कमी केलं की भाडं वाढतं' असं घरमालकाला सांगू नकोस.

जुना_मास्तर, मंगळवार, सकाळी ६.४५

आता क्लोराइड. खाडीचं पाणी म्हणजे मुख्यतः साधं मीठच, तेव्हा ईसी आणि क्लोराइड दोघेही एकाच गोष्टीचे साक्षीदार. फरक इतकाच की हे दोन वेगळे साक्षीदार आहेत, टीडीएससारखी पहिल्याचीच साक्ष पुन्हा नक्कल करून आणलेली नाही. अशा वेळी तीन वाटा.

पहिली आळशी पण प्रामाणिक: एकच ठेवायचा. कुठला ठेवला आणि का, ते प्रबंधात लिहायचं. शेतकऱ्याला खिशातल्या मीटरने ईसी मोजता येतो, क्लोराइड येत नाही, हे कारण मला पुरेसं वाटतं.

दुसरी: दोन्ही ठेवायचे आणि प्रश्न दोघांना मिळून विचारायचा. ईसी आणि क्लोराइड दोन्ही असलेलं एक मॉडेल, दोन्ही नसलेलं दुसरं, आणि आरमध्ये अनोव्हाला (दोन मॉडेलांची तुलना करणाऱ्या आज्ञेला) दोन्ही द्यायची. तो एफ सांगेल की 'मीठ' म्हणून या जोडगोळीचा परिणाम आहे की नाही. घुमटाचा एकूण आवाज मोजायचा, वाटणीच्या भांडणात पडायचं नाही. इतकी सोपी गोष्ट आहे, पण मुलं करत नाहीत, कारण सॉफ्टवेअर ती न विचारता छापून देत नाही.

तिसरी: दोघांचा मिळून एक 'खारटपणा' बनवायचा, म्हणजे मुख्य घटक विश्लेषण. इथे थोडं अवांतर, गोवेकर म्हणून राहवत नाही. गुंतलेल्या चलांतून एकमेकांशी सहसंबंध नसलेले घटक काढायची ही रीत आधी पिअर्सन (१९०१) आणि मग हॉटेलिंग (१९३३) यांची. तीच कल्पना सलग वक्रांपर्यंत नेणारा निबंध १९४३ मध्ये आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी लिहिला होता. आज जगात ते प्रमेय कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने चालतं, कोसंबींचं नाव कुणी कुणी पुढे जोडतात. गोव्यात जन्मलेल्या या माणसाला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. वर्गात मी हे दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी शेवटच्या बाकावरची मुलं घड्याळ बघायची.

तोटा असा की 'पहिला मुख्य घटक एकाने वाढला तर भात इतकं घटतं' हे वाक्य शेतकऱ्याला सांगून बघ. तो तुला चहा देईल आणि विषय बदलेल.

शंकेखोर, मंगळवार, सकाळी ९.३०

आणि रिज? लॅसो? आजकाल सगळे तेच करतात.

तिरफळ, मंगळवार, दुपारी १.२५

चांगला प्रश्न, पहिल्यांदाच. :)

रिज होर्ल आणि केनार्ड यांचं, १९७०. सहगुणक मोठे होऊ लागले की त्यांच्या वर्गांच्या बेरजेवर दंड लावायचा. 'हजार आणि उणे नऊशे' असली उत्तरं मग महाग पडतात आणि दोन जुळे चल साधारण निम्मं-निम्मं वाटून घेतात. थोडा कल पत्करायचा, त्याबदल्यात डळमळ बरीच कमी होते. सगळे चल आधी एकाच मापात आणावे लागतात, नाहीतर मीटरमधलं अंतर आणि किलोतलं खत यांना वेगवेगळा दंड बसतो. दंड किती, ते क्रॉस-व्हॅलिडेशनने (विद्याचा थोडा भाग बाजूला ठेवून त्यावर अंदाज तपासून) ठरवायचं.

लॅसो टिबशिरानींचं, १९९६. ते काही सहगुणक थेट शून्य करतं. पण जुळ्यांपैकी कुणाला ठेवायचं हे ते जवळजवळ नाणं उडवून ठरवतं. चार कुणगे बदल, दुसराच राहील. लोक मग राहिलेल्याला 'महत्त्वाचा घटक' म्हणून मिरवतात.

अंदाजासाठी दोन्ही उत्तम. कोरगूटला मात्र सहगुणक आणि त्याची विश्वास-कक्षा (तो कुठून कुठपर्यंत असू शकतो) लिहायची आहे, आणि दंड लावलेल्या सहगुणकाची कक्षा नेहमीच्या रीतीने काढता येत नाही. रिज वापरलं म्हणजे विद्यात नसलेली माहिती कुठून येत नाही. दंड हीच बाहेरून आणलेली माहिती.

पायथनवाल्यांसाठी एक खाचखळगा: स्टॅट्समॉडेल्समध्ये व्हीआयएफ काढताना स्थिरांकाचा कॉलम आपण जोडावा लागतो. विसरलात तर भलतेच आकडे येतात आणि अख्खा दिवस जातो. माझा गेलाय.

जुना_मास्तर, मंगळवार, संध्याकाळी ७.३०

वरच्याला +१. आणि ते १० किंवा ५ म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे, वहिवाट आहे. बेल्सली, कुह आणि वेल्श यांनी १९८० मध्ये कंडिशन इंडेक्ससाठी (गुंत्याचं आणखी एक माप) ३० च्या आसपासचा इशारा दिला, तोही इशाराच. विदा भरपूर असेल तर व्हीआयएफ १५ असूनही सहगुणक नीट मिळतो. ४६ कुणग्यांत ५ सुद्धा जड जातो. आर्थर गोल्डबर्गर नावाच्या अमेरिकन अर्थमितीकाराने थट्टेत 'मायक्रोन्यूमेरॉसिटी' असा शब्द काढला होता, म्हणजे विदा तुटपुंजा असण्याचा रोग. मल्टिकोलिनिअॅरिटीवर पानंच्या पानं लिहितात आणि विदा कमी आहे असं मात्र कुणी म्हणत नाही, हा त्याचा चिमटा.

हात साफ करायचा असेल त्याने आरमध्ये 'लाँगली' नावाचा विदा उघडावा. अमेरिकेतली १९४७ ते १९६२ ही १६ वर्षं आणि ६ चल, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे. १९६७ मध्ये लाँगलींनी त्यावर त्या काळच्या संगणकांचे प्रोग्रॅम तपासले, तर त्यांच्या उत्तरांचा आपसांत मेळ बसेना.

चोडणकार_बाब, मंगळवार, रात्री ९.५०

मी शिकलेला नाही यातलं. पुतण्याने धागा दाखवला, म्हणून लिहितो.

गो बाय, तुझ्या यादीत जात आहे, कोरगूट की ज्योती. मीठ पण आहे. मला सांग, खाऱ्या कुणग्यात ज्योती पेरतो कोण? आमचे बापजादे मीठ लागतं तिथे कोरगूट टाकायचे, म्हणून तर ते बी टिकलं. गोड्या कुणग्यात ज्योती, जया. तू शेतात येऊन बघितलंस तेव्हा हे आम्ही आधीच वाटून ठेवलेलं होतं. आता कोरगूट कमी पिकतं ते त्याच्या जातीने की मिठाने, हे तुझा संगणक कसं सांगणार? आम्हीच एकत्र बांधून दिलंय ते.

तिरफळ, मंगळवार, रात्री ९.५८

अख्ख्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची प्रतिक्रिया.

जुना_मास्तर, मंगळवार, रात्री १०.०५

बाब, तीस वर्षांत मी हे इतक्या कमी शब्दांत सांगू शकलो नाही.

कोरगूट, बघ. टीडीएस हा मीटरने केलेला घोटाळा होता, काढला की संपला. ईसी आणि क्लोराइड हे एकाच मिठाचे दोन साक्षीदार, एक घरी पाठवता येतो. पण जात आणि मीठ या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुला दोन्ही हव्यात, आणि शेतकऱ्याच्या शहाणपणाने त्या बांधल्या गेल्यात. तुझा जातीचा व्हीआयएफ ५.३ आला तो याच्यामुळे. इथे जातीचा कॉलम उडवलास तर व्हीआयएफ खाली येईल, पण मग जातीचा सगळा फरक मिठाच्या खात्यात जमा होईल. आकडा सुबक आणि खोटा.

इथे रिज चालत नाही, मुख्य घटक चालत नाही. दुसरा घुमटवाला पाणी प्यायला उठला आणि एकटाच वाजत राहिला असा क्षण विद्यात हवा. खाऱ्या शेतात ज्योती, किंवा गोड्यात कोरगूट. आहेत असे कुणगे?

कोरगूट, मंगळवार, रात्री १०.४०

गोड्या शेतात कोरगूट एकच आहे. खाऱ्यात ज्योती एकही नाही.

चोडणकार_बाब, मंगळवार, रात्री १०.५५

आहेत गो. ऑगस्टात अमाशेच्या भरतीला आमच्या वाड्यावरचा बांध फुटला. आतले कुणगे गोडे, जूनमध्ये ज्योती पेरलेली. खाडी आत आली, दोन-तीन आठवडे दर भरतीला पाणी. तू तर सप्टेंबरात त्यात गुडघाभर उभी राहून मीटर लावत होतीस. माझ्या भावाने तुला शहाळं दिलं.

कोरगूट, मंगळवार, रात्री ११.०२

ते सहा.

मी बाद केलेले सहा.

शंकेखोर, मंगळवार, रात्री ११.०६

शब्द मागे घेतो. वाचनखूण साठवली.

जुना_मास्तर, बुधवार, सकाळी ६.३०

झोप लागली का तुला? मला नाही.

आत घे ते सहा, पण डोळे उघडे ठेवून. त्या शेतांत फक्त मीठ वाढलं असं नाही. पाणी साचलं, गाळ आला, मुळं कुजली असतील. मीठ आणि पाणी साचणं ही तिथली नवी जोडगोळी. पाणी किती दिवस होतं ते बाबांच्या भावाला विचारून लिहून घे. सहासकट आणि सहांशिवाय, दोन्ही उत्तरं प्रबंधात छाप. मार्गदर्शकांनी विचारलं तर सांग की बिघडलेलं शेत वगळणं हाही एक निर्णयच होता आणि त्यानेच जात व मीठ एकमेकांना चिकटवले.

तिरफळ, बुधवार, दुपारी १.०५

अजून एक. भातासाठी मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा आडाखा आजही वापरात आहे: ईसी ३ डेसिसिमेन प्रति मीटरपर्यंत उत्पादन टिकतं, पुढे दर एककाला साधारण १२ टक्के घट. म्हणजे सुरुवातीला सपाट आणि मग उतरण. तुझी सरळ रेष त्या सपाट भागालाही उतरण समजते. फक्त त्यांचा ईसी मातीच्या संपृक्त अर्काचा आहे, तुझा साचलेल्या पाण्याचा. आकडे शेजारी शेजारी ठेवू नकोस, आकार बघ.

कोरगूट, तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.२०

धागा वर काढतेय.

रायबंदरहून फेरीने दोनदा चोडणला गेले. पाणी किती दिवस साचलं होतं ते सहाही कुणग्यांचं लिहून आणलं. पोत्यांचा हिशेब घरच्या कॅलेंडरवर होता, चवथीच्या तारखेशेजारी.

आता ५२ कुणगे आहेत, टीडीएस नाही, क्लोराइड परिशिष्टात (चार शनिवार वाया जाऊ देणार नव्हते). ईसीचा व्हीआयएफ ३ च्या आत आला, जातीचा २.४. ईसीचा सहगुणक ऋण आहे आणि कक्षा शून्याला शिवत नाही, पण रुंद आहे. ज्योती मिठाने कोरगूटपेक्षा जास्त खचते असं आकडे सुचवतात, पण सहाच्या जोरावर तसं छापायचं धाडस केलं नाही. 'पुढील अभ्यासासाठी' मध्ये टाकलं. साचलेले दिवस घातले की ईसीचा व्हीआयएफ पुन्हा थोडा चढतो. मास्तर म्हणाले होतेच. तसंच्या तसं लिहिलंय.

मार्गदर्शक बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे सहा आधी का नव्हते?" मी काही बोलले नाही.

सगळ्यांना देव बरें करूं. बाब, तुमच्या भावाला शहाळ्याचं सांगा.

जुना_मास्तर, शनिवार, रात्री ८.४५

प्रबंधाची एक प्रत फोंड्याला पाठव. लाल पेन काढून ठेवतो.

चोडणकार_बाब, शनिवार, रात्री ९.३०

बरें जालें. पण बाय, तो बांध फुटला तो नुसत्या भरतीने नव्हे. खेकड्यांनी आतून पोखरला होता, आम्ही मे महिन्यापासून सांगत होतो. तुझ्या त्या यादीत खेकड्यांचा कॉलम कुठे आहे?